हा कोन्ता खेळ?

शाळेत नवीन मास्तरीण आली की लोक तिला गाव विचारतात, आडनाव विचारतात, लग्न झालं का विचारतात. बाईंनी मला विचारलं, "लहानपनी काय मोडलं होतं तुहं?"

मी गडबडले. "काय मोडलं म्हणजे?"

"हात, पाय, दात. काही तं मोडलं असन."

"काहीच नाही, बाई."

बाईंचा चेहराच पडला. "म्हंजे खेळलीच नाहीस तू. मंग मराठी शिकवशीन कशी?"

भिलाईच्या आमच्या शाळेत मराठीच्या आम्ही दोघीच. बाई पक्क्या नोकरीतल्या, पन्नाशीच्या, आणि मी बाविसाव्या वर्षी हंगामी म्हणून लागलेली. बाई उंच, काटक होत्या. सुती पातळ घोट्याच्या वर नेसायच्या आणि त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. डाव्या हाताची करंगळी मुळापासून बाहेर वळलेली. लग्न केलेलं नव्हतं. रिसालीत, तेव्हाच्या अर्ध्या खेड्यात, एका खोलीत राहायच्या आणि तिथून सायकलीवर शाळेत यायच्या. सायकल चालवताना पातळाचा काठ कमरेत खोचलेला. शाळेतल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं तरी ते बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

बाईंना एकच वेड होतं. समोरच्यानं बोलता बोलता एखादा शब्द वापरला, आणि तो खेळातून आलेला असला, की त्या हात वर करून त्याला तिथंच थांबवायच्या. "थांबा. हा कोन्ता खेळ?"

गणिताचे सर मूळचे वर्ध्याचे. ते एकदा चिडून म्हणाले, "माझा रजेचा अर्ज कोलला हो प्राचार्यांनी." झालं. बाईंचा हात वर. सरांना विटी, दांडू, गल्ली सगळं आठवून 'कोलणे' म्हणजे काय ते सांगावं लागलं, तेव्हा कुठं त्यांना आपलं दुःख पुढं सांगता आलं. मराठी मंडळाच्या शोकसभेत एक वक्ते डोळे पुसत म्हणाले, "शेवटी मृत्यूनं त्यांच्यावर मात केली," तर माझ्या शेजारी बसलेल्या बाई हळूच पुटपुटल्या, "बुद्धिबळ." मला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबून मी खाली मान घातली. मी फार रडतेय असं वाटून मागच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पण वेड असलं तरी त्यात लबाडी नव्हती. एकदा मीच त्यांना खूश करायला म्हटलं, "बाई, दम हा शब्द हुतूतूतला ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दम हुतूतूच्या आधीपासून होता. लोकायचा गडी आपल्या बाजूनं वढायचा नाही. खात्री असन तं घे, नाही तं सोड."

बाई बोलायच्या भंडाऱ्याकडची बोली. वर्गातही तीच. मी कॅम्प-१ मध्ये, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामगारवस्तीत वाढलेली, घरी 'मले-तुले'च बोलणारी, पण शाळेत पाऊल ठेवलं की जीभ सांभाळून 'मला-तुला' करायची. एकदा तोंडातून 'मले' निसटलं आणि मी जीभ चावली. बाईंनी ते पाहिलं.

"पुस्तकात 'मला'च लिव. परीक्षेत तेच लागते. पन पोटातलं 'मले' कावून पुसून राहिली? पोट काय फळा आहे?"

हे खेळाचं वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शाळा सुटल्यावर त्या सायकल हातात धरून माझ्याबरोबर कॅम्पच्या वळणापर्यंत चालत यायच्या. त्यांच्या गावात आट्यापाट्यांचा खेळ जोरात होता. जमिनीवर आडव्या नऊ पाट्या आखायच्या, मधून एक उभी सूरपाटी. प्रत्येक पाटीवर एक गडी अडवायला उभा, आणि पहिल्या पाटीवरचा, त्याला सूर म्हणायचं, तो उभ्या पाटीवरूनही धावणार. त्यांना हुलकावण्या देत नऊच्या नऊ पाट्या ओलांडायच्या आणि तशाच परत यायचं. जो परत आला त्यानं लोण आणलं. बाईंचे दोन्ही भाऊ खेळायचे. मुलीनं खेळायचं नाही. बाई पहाटे, गाव उठायच्या आत, भावांबरोबर सरावाला जायच्या.

"एक दिवस त्यायचे सगळे गडी मेले. मी म्हनलं, मी जातो. गेली, आन् लोन घेऊन आली. तेवढ्यात बाप शौचाहून परत येऊन राहिला होता, त्यानं पाह्यलं. मंग खेळ बंद. घरात बसवलं." त्यांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "पन मी घरात बसल्या बसल्या ऐकू लागली. बाप म्हने, सावकारानं कोंडी केली. पाटील म्हने, असा डाव टाकतो. मामा म्हने, तुह्या मागनीत कोनी तरी खो घातला. मी म्हनलं, वा रे! मले खेळू देत नाहीत, आन् यायच्या तोंडात दिवसभर खेळच आहे. तवापासून मोजून राहिली."

माझ्या दुसऱ्या वर्षी, जुलैत, प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते जबलपूरकडचे, सज्जन गृहस्थ. सहावीपासून मुलांना तिसरी भाषा घ्यावी लागे, संस्कृत किंवा मराठी. त्यांनी कागद पुढं केला. सहावीत मराठीची अकरा नावं.

"बहनजी, बीस चाहिए. अगस्त के आख़िर तक बीस नहीं हुए तो इस साल से मराठी बंद. नियम भोपाल का है, मेरा नहीं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "और फिर दूसरी टीचर की ज़रूरत भी नहीं रहेगी."

दुसरी टीचर म्हणजे मी. वडिलांना कारखान्यातून निवृत्त व्हायला आठ महिने होते आणि धाकटा भाऊ कॉलेजात.

मी कॅम्पमधली मराठी घरं पालथी घातली. ओळखीचे लोक, चहा द्यायचे आणि नाही म्हणायचे. एक काका म्हणाले, "घरी बोलतोच ना आपण, मग शाळेत कशाला? संस्कृतात नंबर मिळतात." त्यांच्या मुलाला मी मराठीत विचारलं तर त्यानं उत्तर दिलं, "आंटी, मराठी तो गाँव वाले बोलते हैं ना." काका हसले. मला हसता आलं नाही. मी तरी जीभ कशाला सांभाळत होते?

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी बाईंपुढं रडले. "बाई, मी तर गेलेच आता."

"अजून पयल्या पाटीवर पाय नाही टाकला, आन् मेली?" बाई उठल्या. "चाल, चुना आन."

पाऊस चार दिवस उघडला होता. शाळेमागच्या मुरमाड मैदानावर बाईंनी स्वतः दोरी धरून नऊ पाट्या आखल्या. मराठीचा तास आला की अकरा मुलं मैदानात. नऊ पाट्यांना नऊ गडी, पळायला उरले दोन. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तू बी."

"साडीत?"

"मी काय धोतरात आहे?"

मी पळाले. तिसऱ्या पाटीवर एका पोरीला हूल द्यायला गेले, माझाच पाय पदरात अडकला आणि डाव्या मनगटावर आपटले. दवाखान्यात प्लास्टर घातलं. बाई बाकावर बसल्या होत्या, त्यांना आनंद लपवता येईना. "आता झाली तू मास्तरीन," त्या म्हणाल्या. दुखत असूनही मी हसले, आणि डॉक्टरांना म्हणाले, "मले काही होत नाही." जीभ चावायची आठवणच राहिली नाही.

बाईंचा मराठीचा तास म्हणजे नुसता खेळ नव्हता. पाटीवर गडी मेला की त्यानं कडेला बसायचं, बाई त्याला एक शब्द द्यायच्या, आणि त्याचं खरं वाक्य करायचं. खरं म्हणजे स्वतःच्या घरातलं. वाक्य बरोबर आलं की बाई ओरडायच्या, "जिता!" आणि गडी पुन्हा खेळात. जिवंत व्हायची घाई काय असते ते मी तिथं पाहिलं. शब्द 'कुरघोडी'. पोरगी धापा टाकत म्हणते, "माझी आजी माझ्या आईवर कुरघोडी करते." "जिती!" शब्द 'हुकमी'. "पप्पाचं हुकमी पान म्हणजे, डोकं दुखते." "जिता!" आम्हाला घराघरातल्या बातम्या कळू लागल्या आणि मुलांना मराठी येऊ लागली. आधी कोणतं झालं ते मला सांगता यायचं नाही.

आठवड्याभरात मैदानाच्या कडेला इतर वर्गांची पोरं जमू लागली. संस्कृतच्या वर्गाच्या खिडक्यांत डोकी दिसू लागली. एक दिवस सहावीतली एक किडकिडीत मुलगी कडेवरून सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली. तिचं नाव केवरा. बाप कारखान्यात ठेक्यावर मजूर, घरी सगळे छत्तीसगढी बोलणारे.

"मोला खेलना हे," ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. "ऐकलं? हिचा 'मोला' आन् आपला 'मले'. सख्ख्या बहिनी!" मग केवराला म्हणाल्या, "हा खेळ नाही, हा मराठीचा तास आहे. खेळाचं असन तं नाव लिवून आन."

केवरानं मधल्या सुट्टीत ऑफिसात जाऊन आपलं नाव संस्कृतातून मराठीत बदलून आणलं. तिच्यामागून एक बंगाली मुलगा आला, दोन मल्याळी बहिणी आल्या, एक सरदारजींचा मुलगा आला. कॅम्पमधल्या त्या काकांचा मुलगाही आला, आणि बाईंनी त्याला पहिला शब्द दिला, 'भिडू'. ऑगस्ट संपला तेव्हा यादीत सव्वीस नावं होती. प्राचार्यांनी ती दोनदा मोजली.

आम्हाला वाटलं, जिंकलो. पण जानेवारीत बिननावाची तक्रार गेली. मराठीच्या वर्गात बंगाली आणि छत्तीसगढी मुलं कशी? दोघी मास्तरणींनी नोकरी वाचवायला नावं घुसवली आहेत. तपासणीला एक साहेब आले. मोठं पोट, राखाडी सफारी, हातात लाल शाईचं पेन. ते रागीट नव्हते, पण तक्रार खरी आहे असं धरूनच आले होते. नावं खोटी ठरली असती तर माझी नोकरी गेलीच असती, बाईंवरही निलंबन आलं असतं.

साहेबांनी वर्गात फिरून केवरासमोरच पाय थांबवले.

"मराठी में अपने घर के बारे में बताओ."

केवरा उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण शब्द येईना. साहेबांनी पुस्तक पुढं केलं, "पढ़ो." ती अडखळली. बंगाली मुलाला विचारलं, तो 'माझे घर' असं म्हणून थांबला. सफारीला आणि लाल पेनाला सगळी पोरं भ्यायली होती.

साहेब प्राचार्यांकडं वळले. "ये तो काग़ज़ी भर्ती है. ज़िम्मेदारी आपकी है."

"जी, भाषा का चयन तो क्लास टीचर देखते हैं," प्राचार्य म्हणाले.

"तो मैडम, आप जवाब दीजिए."

बाई म्हणाल्या, "साहब, फॉर्म पर दस्तख़त तो दफ़्तर के हैं."

"दफ़्तर मतलब प्राचार्य ही ना?" साहेबांनी विचारलं.

"जी, पर सिफ़ारिश तो..." प्राचार्य म्हणू लागले.

तेवढ्यात, अजून उभीच असलेली केवरा स्वतःशीच म्हणाली, "टोलवून राहिले."

साहेबांनी मान वळवली. "क्या कहा?"

केवरानं बाईंकडं पाहिलं. बाई तिच्यापर्यंत गेल्या नाहीत, जागेवरूनच म्हणाल्या, "मेली तं मेली. वाक्य कर."

काय झालं कोण जाणे, त्या शब्दांनी पोरीचा कणा ताठ झाला. तिनं एका दमात सांगून टाकलं, "साहेब सरांवर टोलवते, सर बाईवर टोलवते, बाई ऑफिसवर टोलवते. तिघं बी टोले हाणून राहिले, इटी कोनीच झेलत नाही!"

मागून कुणी तरी किंचाळलं, "जिती!" आणि अख्खा वर्ग फुटला. सगळी पोरं हसत होती. प्राचार्य रुमालात खोकत होते. बाई हसल्या नाहीत. त्या साहेबांकडं बघत होत्या.

साहेबांना सगळं कळलं नव्हतं. "इटी? गिल्ली? गिल्ली-डंडे वाली?"

"हो," केवरा म्हणाली. आता ती थांबायला तयार नव्हती. विटी म्हणजे काय, टोला कसा मारतात, झेलला तर मारणारा कसा मरतो, आणि मोठी माणसं काम एकमेकांवर ढकलतात त्याला टोलवाटोलवी कावून म्हणतात, सगळं तिनं मराठीत सांगितलं. चुका होत्या. मध्येच छत्तीसगढी येत होती. पण ती बोलत होती, हात हलवत, डोळे मोठे करत. ती बसते न बसते तोच बंगाली मुलगा उठला आणि 'कोंडी' सांगू लागला. मल्याळी बहिणींनी 'चितपट' वरून भांडण सुरू केलं, मराठीतच. कॅम्पच्या काकांचा मुलगा म्हणाला, "साहेब, मला भिडू येतो."

साहेब खुर्चीत बसले. लाल पेन त्यांनी खिशात ठेवलं. "मैडम, ये पढ़ाया कैसे?"

"पढ़ाया नहीं साहब," बाई म्हणाल्या. "बाहर चलिए."

मैदानावर पोरं आपापल्या पाट्यांवर जाऊन उभी राहिली. नवव्या पाटीवरची मुलगी त्या दिवशी तापानं घरी होती. कडेची दोन पोरं आणि मी पुढं होणार तोच बाईंनी आम्हाला हातानं मागं केलं. "साहब, एक गडी कम है."

साहेबांनी प्राचार्यांकडं पाहिलं, मग पोरांकडं. मग सफारीचं वरचं बटण सोडलं आणि ते नवव्या पाटीवर जाऊन हात पसरून उभे राहिले. "बचपन में मैं भी कम नहीं था," ते म्हणाले.

बाईंची शिट्टी वाजली. केवरा निघाली. पहिल्या पाटीवर ती सरळ सुसाट गेली. दुसरीवर थांबली, उजवीकडं खांदा टाकला आणि डावीकडून निसटली. पाचव्या पाटीवर सूर तिच्या मागून आला आणि समोरचाही पुढं झाला. दोघांच्या मधे ती सापडली. पोरं ओरडायला लागली, "कोंडी! कोंडी!" केवरा खाली बसली, इतकी खाली की दोघांचे हात तिच्यावरून गेले, आणि ती बेडकासारखी बाहेर उडाली. सहा, सात, आठ. नवव्या पाटीवर साहेब वाकून, दोन्ही हात पसरून तयार. त्यांच्या चेहऱ्यावर आता तपासणी नव्हती. केवरानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, उजवीकडं पूर्ण अंग झोकलं. साहेबही सगळ्या वजनासकट तिकडं झोकले. आणि ती डाव्या अंगानं केव्हा गेली ते त्यांना कळलंच नाही. ते मुरमावर बसलेले, आणि ती तशीच वळून, त्यांना पुन्हा ओलांडून परत येत होती.

परतीला तिला कुणी शिवू शकलं नाही. पहिली पाटी ओलांडून ती किंचाळली, "लोन!" तो आवाज संस्कृतच्या वर्गापर्यंत गेला, आणि तिथलीही पोरं बाकांवर उभी राहून ओरडली. मी ओरडले, प्राचार्य ओरडले. बाईंनी केवराला दोन्ही हातांनी उचललं आणि डोक्याच्या वर धरलं. बाई रडत होत्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

साहेब उठले, सफारी झटकली. ऑफिसात जाऊन त्यांनी शेऱ्याच्या वहीत लाल शाईनं लिहिलं, की मुलं स्वेच्छेनं मराठी शिकत आहेत, वर्ग चालू ठेवावा, शिक्षक दोन्ही आवश्यक. जाताना फाटकापाशी थांबून त्यांनी केवराला विचारलं, "बेटा, आख़िर में तुमने मुझे क्या दिया?"

"हूल दिली, साहेब."

ते गुडघा चोळत जीपमध्ये बसले, आणि जीप वळेपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

मार्चमध्ये मी कायम झाले. जुलैत शाळा उघडली त्या सकाळी मी लवकर पोहोचले, तर व्हरांड्यात रांग होती. आयाबाया, वडील, कुणाच्या डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट तसंच. प्राचार्य घाईघाईनं यादी घेऊन आले. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता.

"बहनजी, अब बस कीजिए. सहावीत त्रेपन्न झाले," गडबडीत तेही अर्धं मराठीत बोलले. "इतने बेंच कहाँ से लाऊँ?"

बाईंनी यादी घेतली नाही. रांगेतल्या पुढच्या मुलीचा हात धरून तिला आत ओढलं आणि म्हणाल्या, "बेंच नाही तं जमिनीवर बसतीन, सर. खेळ जमिनीवरच होते."